कंपनी उठली, डाव चालू राहिला

चवथीचे दिवस म्हणजे आमच्याकडे पत्त्यांचे दिवस. रात्रीच्या आरत्या झाल्या, घुमट आणि कांसाळे कोपऱ्यात विसावली, पातोळ्यांची ताटे आत गेली की माटोळीसमोर चटई पसरायची आणि कडा झिजलेला जुना कॅट बाहेर काढायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. गुलामचोरापासून रमीपर्यंत सगळे डाव पहाटेपर्यंत चालतात.

गेल्या चवथीला भाचा बंगळुरूहून आला, तो आपले वेगळेच पत्ते घेऊन. त्याच्या बॅगेत दोन प्रकारची पाने होती. काही गुळगुळीत, छापखान्यातून नीट कापून आलेली. काही मात्र चक्क घरच्या प्रिंटरवर छापून, कात्रीने कापून, प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली. सोबत एक रिकामे खोके होते. मी सहज उचलून वाचले, तर त्यावर लिहिलेले, 'सॅल्सेट आयलंड'.

"अरे, आपली सासष्टी बेट कधीपासून झाली?" मी विचारले.

"मामा, ती आपली सासष्टी नव्हे, मुंबईची," तो हसून म्हणाला. "आणि ही कंपनी आता हा खेळ काढत नाही. खेळ बंद पडला २०१८ साली."

"मग हे कसले पत्ते?"

"हे खेळणाऱ्यांनीच केलेले."

बंद पडलेला खेळ आणि खेळणाऱ्यांनीच केलेले पत्ते! त्या रात्री आमची रमी बाजूला राहिली. पुढे मी त्या खेळाचा इतिहास मिळेल तिथून वाचला. तो सांगावासा वाटतो, कारण त्याचा एक धागा आमच्या घरच्या भिंतीवर टांगलेल्या एका चौकटीपर्यंत येतो. त्या चौकटीकडे शेवटी वळेन.

आपले नेहमीचे पत्ते म्हणजे ५२ पाने. तुमच्याकडे जी, तीच माझ्याकडे. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने या समजुतीलाच धक्का दिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताची डॉक्टरेट मिळवलेल्या या माणसाचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने त्या वर्षी बाजारात आणला. त्यात शेकडो निरनिराळी पाने होती आणि प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा गुण, स्वतःचा नियम छापलेला होता. ही पाने बंद पाकिटांतून विकली जात. आत कोणती निघतील ते पाकीट फोडल्यावरच कळायचे. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रे निघायची, त्यातला प्रकार. फरक इतकाच, की इथे जमवलेल्या पानांतून आपल्या पसंतीची निवडून जो तो आपला कॅट स्वतः रचायचा आणि मग समोरच्याशी भिडायचा. खेळ बसायच्या आधीच, घरी विचार करताना, अर्धा खेळून झालेला असे.

मॅजिक तुफान चालला. मग काय, ज्याला त्याला असाच खेळ काढायची घाई झाली. दोन-तीन वर्षांत अशा खेळांची एवढी गर्दी झाली, की दुकानदाराला फळीवर जागा पुरेना. या गर्दीतच, १९९६ च्या एप्रिलमध्ये, गारफील्डचा आणखी एक खेळ आला, 'नेटरनर'.

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत दोन्ही बाजूंचे नियम सारखे असतात. नेटरनरमध्ये तसे नाही. एक जण होतो बलाढ्य कंपनी, दुसरा होतो तिच्या संगणकांत शिरणारा भुरटा, म्हणजे 'रनर'. काळ भविष्यातला. कंपनीवाला आपली पाने पालथी मांडतो. त्यांत काही तिचे गुप्त बेत असतात, काही सापळे आणि काही नुसती हूल. त्यांच्यापुढे तो संरक्षणाच्या भिंती उभ्या करतो, त्याही पालथ्याच. रनरची पाने मात्र सगळी उघडी. त्याने अंदाज बांधायचा, पैसे जमवायचे, कुलपे फोडणारी साधने जुळवायची आणि धाड घालायची. धाड कुठेही घालता येते. मांडलेल्या पानांवर तर खरीच, पण कंपनीच्या हातातल्या पानांवर, न वाटलेल्या गठ्ठ्यावर आणि टाकून दिलेल्या पानांच्या ढिगावरही! कंपनीने आपले बेत तडीस नेऊन ७ गुण मिळवले की ती जिंकली. रनरने तेवढ्याच गुणांचे बेत चोरले की तो जिंकला. पण सापळ्यात पाय पडला तर रनरच्या हातातली पाने जातात, आणि द्यायला पाने उरली नाहीत की तो मेला. कंपनीलाही धास्ती असतेच. गठ्ठा संपला आणि पान ओढता आले नाही, तर ती हरली.

पत्ते कुटणाऱ्या कोणालाही यातली गंमत कळेल. पान कुठले आहे यापेक्षा समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे, ते इथे महत्त्वाचे. माझ्या भाच्याने पहिल्याच डावात एक पालथे पान अशा काळजीने झाकून ठेवले, की मी सगळे पैसे खर्चून त्यावर तुटून पडलो. निघाला सापळा. घरातली पोरे खो-खो हसली.

खेळ चांगला होता, जाणकारांनी नावाजला होता, तरी बाजारात टिकला नाही. पहिल्या संचात ३७४ पाने होती. त्याच वर्षी 'प्रोटियस' नावाची १५४ पानांची पुरवणी आली. मग थेट १९९९ साली ५२ पानांची 'क्लासिक' ही छोटी पुरवणी निघाली आणि कंपनीने हात आखडता घेतला. त्याच १९९९ मध्ये विझर्ड्सचे इंग्रजी पोकेमॉन पत्ते धो-धो खपत होते आणि हॅस्ब्रो या बड्या खेळणी कंपनीने विझर्ड्सला विकत घेतले. नेटरनरकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

खेळाचा हा पहिला मृत्यू. पण पाने कोणी परत मागून नेली नव्हती! ज्यांच्याकडे होती ते खेळत राहिले. त्यांनी आपल्या स्पर्धा भरवल्या, शंकांची उत्तरे एकमेकांना दिली, नवख्यांना जुनी पाने मिळवून दिली. एक ना दोन, तब्बल तेरा वर्षे हे चालले.

२०१२ साली फँटसी फ्लाइट गेम्स या मिनेसोटातल्या कंपनीने विझर्ड्सकडून परवाना घेऊन हा खेळ नव्याने आणला. नाव 'अँड्रॉइड: नेटरनर'. गारफील्डच्या मूळ घडणीवर लुकास लिट्झिंगर या रचनाकाराने नवी मांडणी केली होती. मोठा बदल विक्रीच्या रीतीत होता. बंद पाकिटांचा जुगार गेला. आता प्रत्येक छोट्या खोक्यात ६० पाने, म्हणजे २० निरनिराळ्या पानांच्या प्रत्येकी ३ प्रती, आणि आत काय आहे ते सर्वांना आधीच ठाऊक. ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याच्याकडे दुर्मिळ पाने, हा अन्याय बराच कमी झाला. अशी सहा खोकी मिळून एक मालिका होई.

भाच्याकडचे ते खोके यातल्याच एका मालिकेतले. २०१५-१६ मध्ये आलेल्या या मालिकेचे नाव होते 'मुम्बाद'. मुंबईच्या नावावर बेतलेले भविष्यातले एक भारतीय महानगर त्यात कल्पिले आहे. पहिल्या खोक्याचे नाव 'काळा घोडा', आणखी एकाचे 'सॅल्सेट आयलंड'. एका पानावर 'मुंबा टेंपल', म्हणजे आपली मुंबादेवी! कुलपे फोडणाऱ्या तीन साधनांची नावे तर सद्योजात, वामदेव आणि अघोर. शंकराच्या पाच मुखांपैकी तीन मुखे अमेरिकेतल्या एका पत्त्यांच्या खेळात जाऊन बसली आहेत, हे वाचून मला हसूही आले आणि कौतुकही वाटले.

सॅल्सेट म्हणजे साष्टी. मुंबईची साष्टी आणि आपली सासष्टी ही एकाच अर्थाची नावे. सहासष्ट गावांचा प्रदेश, अशी दोन्हींची व्युत्पत्ती सांगतात. दोन्हींवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि दोन्हींचे त्यांनी 'साल्सेत' केले. मुंबईची साष्टी १७३७ साली मराठ्यांनी घेतली, दोन वर्षांनी वसईही पडली. आपली सासष्टी १९६१ पर्यंत तिथेच राहिली. पत्त्यांच्या खोक्यावर नाव छापणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही कोण जाणे!

काळ्या घोड्याची गोष्ट तर या लेखाच्या विषयालाच येऊन मिळते. मुंबईच्या त्या चौकात सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. १९६५ साली तो तिथून हलवला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. चौकात घोडा उरला नाही, पण लोक 'काळा घोडा'च म्हणत राहिले. बसचा कंडक्टर म्हणत राहिला, चित्रकार म्हणत राहिले, पुढे त्या नावाचा कलामहोत्सवही सुरू झाला. शेवटी २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला गेला. यावेळी त्याच्या पाठीवर राजा नाही. अर्धशतकाहून अधिक काळ नुसत्या बोलण्यावर एक घोडा जिवंत राहिला आणि परतला तो स्वाराला टाकून!

नेटरनरचेही पुढे तसेच झाले. २०१८ च्या जूनमध्ये फँटसी फ्लाइटने जाहीर केले, की विझर्ड्सकडून घेतलेला परवाना संपत आहे आणि २२ ऑक्टोबर २०१८ नंतर हा खेळ विकला जाणार नाही. जुलैमध्ये 'रेन अँड रेव्हरी' हा शेवटचा संच आला. त्याच वर्षी मिनेसोटात 'मॅग्नम ओपस' नावाची शेवटची मोठी अधिकृत स्पर्धा झाली. कंपनीने दिवे मालवले. हा दुसरा मृत्यू.

यावेळी मात्र खेळाडू नुसती जुनी पाने जपत बसले नाहीत. याला एक कारण होते. असा खेळ नव्या पानांवर जगतो. तीच पाने फार काळ फिरली की सर्वांत बळकट कॅट कुठला, ते सर्वांना कळून चुकते. मग हूल कोणाला द्यायची? शिवाय खोकी विकणे बंद झाले म्हणजे नव्याने येणाऱ्याने पाने आणायची कुठून? जुने संच महाग होत जाणार, खेळणारे वयाने वाढत जाणार आणि एक दिवस पटावर कोणीच नसणार. तेव्हा २०१८ मध्येच निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी एकत्र येऊन 'निसेई' नावाची विनानफा संस्था काढली. जपानी भाषेत निसेई म्हणजे दुसरी पिढी.

कामाला ते एखाद्या नाटक मंडळीसारखे लागले. कोणी पानांचे गुण ठरवायचे, कोणी ते शंभर वेळा खेळून दोष काढायचे, कोणी चित्रे जमवायची, कोणी नियमांचे पुस्तक साफ करायचे, कोणी स्पर्धा बघायच्या. कंपनीची चित्रे, कंपनीने छापलेला मजकूर आणि नावाचे व्यापारचिन्ह यांवर त्यांचा हक्क नव्हता. पण खेळ कसा खेळायचा ही कल्पना कोणाच्या मालकीची नसते. प्रताधिकार शब्दांवर आणि चित्रांवर असतो, डावाच्या रीतीवर नसतो. त्या फटीतून ही मंडळी आत शिरली. खरे तर रनरसारखीच!

२०१९ मध्ये 'डाउनफॉल' आणि 'अपरायझिंग' हे त्यांचे पहिले नवे संच आले. छापील पाने मागणीप्रमाणे छापून मिळू लागली, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी त्याच पानांच्या फाइली फुकट ठेवल्या. प्रिंटर, कात्री आणि प्लास्टिकची पाकिटे एवढ्यावर काम भागते. मागची बाजू झाकली गेली की कंपनीचे पान कुठले आणि घरचे कुठले, ते समोरच्याला ओळखता येत नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला त्यांनी स्वतःची जागतिक स्पर्धा भरवली. पुढे महामारीची दोन वर्षे ती ऑनलाइन झाली, मग २०२२ ला टोरांटो आणि २०२३ ला बार्सिलोना. ऑनलाइन खेळायची सोय आणि सर्व पानांची सूची या दोन्ही गोष्टीही खेळाडूंनीच, कंपनी असतानाच, उभ्या केल्या होत्या. त्या आता फार उपयोगी पडल्या.

२०२१ मध्ये 'सिस्टम गेटवे' हा नवशिक्यांसाठीचा संच आला. माझ्या मते त्यांचे सर्वांत शहाणपणाचे काम हेच. तोवर या खेळात शिरायचे तर जुने संच कुठून तरी मिळवावे लागत. आता एकही जुने पान नसताना खेळ शिकता येऊ लागला. जुन्या मंडळींचे समाधान करणे सोपे असते, पण दार नव्यांसाठी उघडावे लागते. ज्यांनी हे ओळखले ते टिकतात.

२०२२ मध्ये त्यांनी संस्थेचे नाव बदलून 'नल सिग्नल गेम्स' केले. निसेई हा शब्द परदेशांत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या दुसऱ्या पिढीसाठी वापरला जातो. त्या समाजाच्या इतिहासाशी, सुखदुःखांशी जोडलेला शब्द आपण खेळासाठी वापरू नये, असे त्यांना वाटले. पुढे २०२५ मध्ये 'एलिव्हेशन' हा संच आला आणि त्यासोबत कंपनीच्या काळातली सर्व पाने मुख्य स्पर्धाप्रकारातून निवृत्त झाली. जुन्या पानांसाठी वेगळा प्रकार आहेच, पण मुख्य पटावर आता सगळी पाने खेळाडूंनी घडवलेली.

इथे एक प्रश्न पडतो आणि तो मी भाच्यालाही विचारला. नाव मालकाचे, ते पूर्ण आपले नाही. चित्रे बदलली, पाने बदलली, कंपनी गेली. मग हा तोच खेळ कसा?

तो म्हणाला, "मामा, २०१३ साली खेळणारा माणूस आज येऊन बसला तर पाच मिनिटांत त्याला सगळे ओळखीचे वाटेल. पालथे पान तेच, धाड तीच, छातीतली धडधड तीच."

त्या मुम्बाद मालिकेत 'म्युझियम ऑफ हिस्टरी' नावाचे एक पान आहे. ते मांडले की कंपनीवाल्याला दर पाळीच्या सुरुवातीला टाकून दिलेल्यांतले एक पान उचलून गठ्ठ्यात पिसता येते. म्हणजे गठ्ठा संपतच नाही. डाव लांबतच जातात म्हणून त्या काळी खेळाडूंनी या पानाला भरपूर शिव्या दिल्या. पण त्या पानावरचे संग्रहालय मला आवडले. ते वस्तू काचेत ठेवत नाही, परत खेळात आणते.

आता त्या चौकटीकडे येतो. आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आहेत. आजीच्या माहेरच्या. गोल, लाखेने चमकणाऱ्या, हाताने रंगवलेल्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पाने, अशी १२० पाने. वडिलांनी त्यातली वेचक पाने काचेच्या चौकटीत बसवून घेतली आणि उरलेली पेटीत ठेवली. येणारे-जाणारे कौतुक करतात, फोटो काढतात. गंजिफांची ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. त्यांच्यामुळे पाने वाचली.

पण आमच्या घरात खेळ वाचला नाही. आजी गंजिफा खेळायची. तिच्या बहिणी आल्या की दुपारी पाने पिसली जायची, आणि पाने गोल असल्यामुळे ती पिसायची रीतही वेगळी होती, एवढे मला आठवते. दिवसा डावाचा मान एका अवताराचा आणि रात्री दुसऱ्याचा, असे काहीतरी ती सांगायची. मी ऐकले नाही. रमी सोपी होती. ती गेली तेव्हा आम्ही पाने वाटून घेतली नाहीत, तुटू दिली नाहीत, वाळवी लागू दिली नाही. सगळे सांभाळले. फक्त तिच्यासमोर बसून एक डाव तेवढा कोणी शिकून घेतला नाही.

भाच्याकडे कागदाचे कपटे आहेत आणि खेळ जिवंत आहे. माझ्याकडे लाखेची १२० पाने आहेत आणि खेळ नाही. नियम छापील मिळतात, ते मी आणलेही आहेत. पण कुठल्या पानावर थांबायचे, कुठे हसायचे, हरताना काय म्हणायचे, हे कागदावर नसते. ते बरोबर बसणाऱ्याकडून येते. नेटरनर कंपनीवाचून तरला, कारण शिकवणारा आणि शिकणारा एका चटईवर बसत राहिले. गंजिफांना तर राजघराण्याचा आधार मिळाला, पण आमच्या घरच्या चटईवरून त्या भिंतीवर गेल्या, तेव्हाच त्यांचा डाव संपला होता.

असो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भाचा निघताना मी ती चौकट भिंतीवरून उतरवली. मागचे खिळे काढायला तासभर लागला. पाने मोजली, १२० पुरी भरली. भाच्याने नियमांचा कागद मागितला, त्याचा फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "पुढच्या चवथीला बसू, मामा." आम्ही चुकत-माकत खेळणार, आजी असती तर डोक्याला हात लावला असता.

तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस गंजिफा खेळलेले असेल, निदान बघितलेले असेल, तर येत्या चवथीला त्यांच्यासमोर चटई पसरा. पाने नसली तर कागदाची कापा.